करडईच्या इन्सुलिनसाठी एफडी मोडू का?

प्रश्न : मी 61 वर्षांचा निवृत्त शिक्षक, लातूर. बरीच वर्षं इन्सुलिन घेतो. भाच्याच्या मित्राची नवी कंपनी करडईच्या बियांतून इन्सुलिन काढणार आहे, असा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज मला आलाय. तिचे शेअर घ्यायला 6 लाखांची एफडी मोडू का? मुदत मार्चमध्ये संपते.

सर, मोडू नका.

रोज पोटावर सुई टोचून घेणाऱ्याला आपल्या शिवारातल्या पिकातून औषध निघेल याची आशा वाटणारच, आणि ती खुळी नाही. कॅनडात कॅलगरीच्या सेमबायोसिस कंपनीनं 2006 मध्ये हेच करून दाखवलं, तेही करडईतच. करडईची जनुकं बदलून बियांतल्या तेलाच्या बारीक थेंबांना इन्सुलिन जोडायचं. बी दळून पाण्यात कालवलं की तेलासोबत तेही वर येतं. जगाची गरज 16,000 एकरांत भागेल, असा त्यांचा दावा होता. 2009 मध्ये माणसांवरच्या चाचणीत ते बाजारातल्या इन्सुलिनच्या तोडीचं ठरलं. तरीही 2012 मध्ये पैसे संपले आणि कंपनी बंद झाली. टोरांटोच्या शेअर बाजारात नोंदलेली कंपनी होती ती.

औषध कसोटीला उतरलं, भागधारक बुडाले. मला याचीच भीती वाटते. जिवाणूंच्या टाक्यांतून इन्सुलिन 1982 पासून बाजारात येतंय, त्या कारखान्यांशी भावात टक्कर द्यायची. तोवर वर्षानुवर्षं चाचण्यांचा खर्च, विक्री शून्य. शिवाय आपल्याकडे जनुक बदललेलं पीक म्हणून शेतकऱ्याच्या रानात आजवर फक्त कापूस पोचलाय, 2002 पासून. मधमाश्या अशा करडईचे पराग शेजारच्या करडईवर नेणार, आणि ती तर खायच्या तेलासाठी घाण्यावर जाते. परवानगी सहज मिळेल, असं मला वाटत नाही.

कागदही बघा. खासगी विक्रीचे शेअर वर्षाला जास्तीत जास्त 200 जणांना, नावानिशी पत्र देऊनच देता येतात. जाहिरात करता येत नाही. तुम्हाला आलाय तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज. तुमच्या नावाचं पत्र आलं, तरी गेले तर गेले म्हणता येतील एवढेच पैसे घाला, 25,000 च्या आत. भाच्याला नाही म्हणणं जड जात असेल तर माझं नाव सांगा.

मार्चमध्ये हे 6 लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. 8.2 टक्के दर धरला तर तिमाहीला 12,300 रुपये हातात येतात. त्यातून इन्सुलिन, साखर तपासायच्या पट्ट्या आणि वर्षाची डोळ्यांची तपासणी भागवा. ती तपासणी टाळू नका.