'ताठ बस' म्हणणार नाही

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा डबा द्यायला अभ्यासिकेत आले होते. तू वाचनात होतास, म्हणून हाक न मारता दारात जरा थांबले. बूड खुर्चीच्या पुढच्या कडेपर्यंत घसरलेलं, पाठीला बाक, पुस्तक टेबलावर आडवं आणि त्यावर कासवासारखी पुढे आलेली मान. बाहेर पडलास तेव्हाही मान चोळतच होतास. तीस वर्षं फिजिओथेरपी करणाऱ्या बाईला हे बघून गप्प बसवत नाही.

'ताठ बस' हे तुला आईनं हजारदा सांगितलंय. मी सांगणार नाही. छाती काढून बसलं की पाठीचे स्नायू आवळून राहतात, थोड्या वेळात थकतात आणि माणूस पुन्हा पहिल्यासारखा वाकतो. त्यात तुझा आळस नाही. बूड पार मागे सरकव, खुर्चीच्या पाठीला टेकू दे. कंबरेमागे पोकळी राहते तिथे टॉवेलची गुंडाळी ठेव. पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले हवेत. एवढं केलंस की पाठ आपसूक सरळ होते.

आता मान. डोकं साधारण 5 किलोचं. ते खांद्यांच्या वर असलं की मणके पेलतात. पुढे झुकलं की मानेमागचे स्नायू त्याला दिवसभर ओढून धरतात. न्यूयॉर्कच्या एका मणक्यांच्या सर्जननं 2014 मध्ये गणित मांडलं होतं: मान 60 अंश वाकली तर तिच्यावर सुमारे 27 किलोचा भार. तो संगणकावरचा अंदाज आहे, आकडा अगदी धरून बसू नकोस, पण तुझी मान रोज तेच सांगतेय. घरोघरच्या आज्या पोथी मांडीवर धरत नाहीत, घडीच्या लाकडी स्टँडवर ठेवतात. तुझ्या जाडजूड पुस्तकांनाही तसंच एक स्टँड घे. मोबाइलही डोळ्यांकडे उचल, डोळे मोबाइलकडे नेऊ नकोस.

आणि ऊठ. हे सगळ्यात महत्त्वाचं. मणक्यांमधल्या चकत्यांना मोठेपणी स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. त्यांचं पोषण आजूबाजूनं झिरपत येतं आणि त्याला हालचाल लागते. म्हणजे कितीही छान बसलास तरी सलग तीन तास वाईटच. पाण्याची बाटली अर्धीच भरत जा, भरायला उठावंच लागेल. उठलास की भिंतीला पाठ टेकून उभा राहा, हनुवटी वर न उचलता सरळ मागे ने, पाच मोजेपर्यंत धर, सोड. असं दहादा. पहिले काही दिवस विचित्र वाटेल, पण दुखता कामा नये.

एक मात्र लपवू नकोस. हाताला मुंग्या येतात का? बोटं बधिर होतात का, पेन हातातून निसटतं का? यातलं काहीही असेल तर व्यायाम थांबव आणि आधी डॉक्टरांना दाखव. आज रात्री फोन करून मला हे नीट सांग.

तुझी,
मावशी