२५ हजार रुपये आणि सहा माणसं

(वाचकांची पत्रं आणि त्यांना उत्तरं)

*बाईंना सप्रेम सलाम. मी राहुरी तालुक्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) पाळक. साठेक घरांची मंडळी. यंदा एका ख्रिस्ती न्यासाने आमच्यासारख्या लहान मंडळ्यांना प्रत्येकी २५ हजार रुपये द्यायचं ठरवलं आहे, सेवेतल्या माणसांनी मानसिक आरोग्याबद्दल मिळून शिकावं म्हणून. निदान पाच जणांनी एकत्र शिकायचं आणि सहा महिन्यांनी काय शिकलो ते दोन पानांत लिहून द्यायचं, एवढीच अट. कमिटी म्हणते, पुण्याहून मोठा डॉक्टर आणू, मांडव घालू, प्रीतिभोजन ठेवू. मंडळीचे एक वडील (एल्डर) म्हणतात, हे आजार विश्वास कमी पडला की होतात, पैसे परत करा. मागच्या वर्षी मंडळीतल्या एका घरच्या सुनेची बाळंतपणानंतर आठव्या दिवसापासून झोप उडाली. कानात कोणी बोलतंय म्हणायची. आम्ही पंचवीस जणांनी तिच्या खोलीत बसून अकरा रात्री, पहाटेपर्यंत ढोलकी-झांजांवर गाणी म्हणत प्रार्थना केली. मग माहेरच्यांनी तिला नगरला दवाखान्यात नेलं. आज ती बरी आहे, पण आमच्याशी बोलत नाही. काय करावं? — एक पाळक*

पाळकसाहेब, सलाम. "आमच्याशी बोलत नाही" हे तुम्ही आधी खोडलंत आणि मग पुन्हा लिहिलंत, कागदावर दिसतंय. तिथूनच सुरुवात करते.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत बाईची झोप उडणं, आवाज ऐकू येणं, भलतंच काही खरं वाटू लागणं ही तातडी असते. रक्तस्राव थांबत नसेल तर आपण जसे गाडी शोधत धावतो, तसंच धावायचं. हजार बाळंतपणांत एक-दोघींना हे होतं. औषधाने बाई बरी होते, पण तोवर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. आणि तुम्ही अकरा रात्री काय केलंत? जिला झोपेची सगळ्यात जास्त गरज होती तिच्या खोलीत पंचवीस माणसं बसवलीत आणि पहाटेपर्यंत ढोलकी-झांजांवर गाणी म्हटलीत. दुष्टपणाने नव्हे, मायेनेच. तिला त्यातलं किती आठवतं ते तीच सांगेल. तुम्ही आणि पाळकीणबाई दोघंच तिच्या घरी जा, बायबल पिशवीतच राहू द्या, आणि "आमचं चुकलं" एवढं म्हणून चहा पिऊन या.

आता मांडव. १९९६ साली मी सरकारी नोकरीत, मनोरुग्णांची समाजसेविका होते. वय चाळिशीचं आणि अंगात उत्साह फार. मराठवाड्यातल्या एका मंडळीने असाच मांडव घालून मला बोलावलं. दीडशे माणसं होती. मी चार तास बोलले, आजारांची नावं फळ्यावर लिहिली, टाळ्या घेतल्या. मागच्या बाजूला एक बाई माझ्याच जेवणासाठी कांदे चिरत बसली होती. निघताना हात पुसत ती नळापाशी आली आणि म्हणाली, "बाई, माझा लेक भिंतीशी बोलतो, त्याला काय म्हणत्यात?" चार तास मी तेच सांगत होते. ती तेवढी मांडवात नव्हती. सहा महिन्यांनी पुन्हा गेले तर लोकांना मटण चांगलं झालं होतं एवढंच आठवत होतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मोठा वक्ता नको, आणि एकट्या पाळकाला तीन दिवसांच्या शिबिराला पाठवणंही नको. एकटा शिकून आलेला माणूस महिनाभर बोलतो आणि नंतर गप्प होतो. न्यासाने "मिळून" हा शब्द घातलाय तो उगीच नाही. सहा माणसं निवडा: तुम्ही, पाळकीणबाई, शब्बाथ शाळेची (मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गाची) शिक्षिका, महिला मंडळातली एक, तरुण संघातला एक आणि चर्चची किल्ली ज्याच्याकडे असते तो. शेवटच्या नावाला कमिटी हसेल. पण उपासना नसताना चर्चच्या पायरीवर कोण येऊन बसतं हे तुमच्याहून त्याला जास्त माहीत असतं. त्या कांदे चिरणाऱ्या बाईसारखी बाई पाळकाकडे येत नाही, ती यांच्यातल्या कोणाकडे तरी येते.

सहा महिन्यांत सहा बैठका. पैशाचा हिशेब मी असा मांडते. तीन बैठकांना नगरहून समुपदेशक आणा, २ हजार मानधनाने ६ हजार. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं असतात. त्यांना लेखी विनंती करा, एखाद्या बैठकीला मानधनाशिवायही येतील. चहा-नाश्ता दर खेपेला ६००, म्हणजे ३,६००. तुमच्या सहांपैकी दोघं तरी रोजंदारीवर जाणारी असतील. त्यांचा बुडालेला रोज ४०० धरून द्या, ४,८०० झाले. हे कलम कमिटी आधी खोडेल, तुम्ही खोडू देऊ नका, नाहीतर तीच दोघं दुसऱ्या बैठकीपासून यायची थांबतील. वस्तीवरून येणाऱ्या चौघांचं जाण्यायेण्याचं भाडं २,४००. सगळ्यांनी एकदा जीपने जिल्हा रुग्णालयात जाऊन यायचं, ३,५००. केसपेपर कुठे काढतात, मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी, कोणत्या खिडकीशी, हे पायांनी माहीत असलं पाहिजे. झेरॉक्स ७००. उरले ४ हजार, ते रात्रीबेरात्री कोणाला दवाखान्यात न्यायच्या गाडीसाठी. हे शेवटचं चालतं का ते न्यासाला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

पहिल्या बैठकीला बाहेरचं कोणी नको. बायबलातलं पहिले राजे हे पुस्तक, १९ वा अध्याय काढा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. आधी झोपू देतो, मग निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. तेवढं वाचा आणि प्रत्येकाने आपल्याला भेटलेलं एक माणूस सांगायचं, नाव न घेता. दुसऱ्या बैठकीला बायबलातल्या दुःखाने पिचलेल्या ईयोबाचे मित्र घ्या. सात दिवस-रात्री ते त्याच्याजवळ नुसते बसले तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं.

समुपदेशक आले की त्यांच्याकडून दोन गोष्टी करून घ्याच. एक, "मरावंसं वाटतं का?" हे सरळ विचारायचा सराव. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज खोटा आहे. विचारल्यावर माणूस बहुतेकदा हलका होतो. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा, क्रमांक लावायचा. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. दुसरी गोष्ट औषधांची. उदासीच्या गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून, किंवा बरं वाटल्यावर "प्रभूने बरं केलं" म्हणून गोळ्या बंद करायला आपल्यापैकी कोणीही सांगायचं नाही. तुम्ही सहा जण डॉक्टर होणार नाही आहात. ओळखायचं, सोबत जायचं, परत आल्यावर विचारपूस ठेवायची, इतकंच.

आणि एक ठराव वहीत लिहून सह्या करा: माणसाला विचारल्याशिवाय त्याचं नाव प्रार्थना-विनंतीत घ्यायचं नाही. बुधवारच्या प्रार्थनेत "अमक्यांच्या सुनेसाठी, तिचं डोकं ठिकाणावर नाही" अशी विनंती येते आणि गुरुवारी सकाळी दळणाच्या रांगेत ती सगळ्या गावाला कळलेली असते. मी मिशन कंपाउंडात वाढले, मला सांगू नका असं होत नाही म्हणून. न्यासाला द्यायच्या दोन पानांतही कोणाचं नाव, वस्ती, आजार नको.

राहिले ते वडील. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांनाही एका बैठकीला बोलवा. वेल्लोरचा मिशनचा मोठा दवाखाना कोणी काढला ते विचारा. क्षयाला, प्लेगला आपण कधी अविश्वास म्हटलं नाही, मिशनने दवाखानेच बांधले. आणि ई. स्टॅन्ली जोन्स यांची गोष्ट सांगा. एवढा मोठा सुवार्तिक, भारतात आल्यावर पहिल्या काही वर्षांत मनाने पुरता खचला होता, आणि ते त्याने लपवलं नाही. त्याच माणसाने १९५० साली लखनौला नूर मंझिल हे मानसोपचार केंद्र काढलं. यावरही वडील पैसे परत करा म्हणाले तर त्यांच्या नातवाला तरुण संघातून घ्या.

*माझी बहीण न्यू जर्सीला असते. तिचं चर्च आमच्या मंडळीला मानसिक आरोग्याच्या याच कामासाठी १,००० डॉलर देतंय. तिच्या खात्यातून माझ्या खात्यात आणि मग चर्चला, असं चालेल ना? — खजिनदार, श्रीरामपूर*

नाही चालणार. परदेशी चर्चचा पैसा तुमच्या खात्यातून फिरवला तरी परदेशीच राहतो. मंडळीच्या न्यासाची एफसीआरएखाली (परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली) नोंदणी किंवा आधीची परवानगी नसेल तर तो घेता येत नाही. आणि नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. "शेजारच्या नोंदणीवाल्या संस्थेने घ्यावा आणि आम्हाला द्यावा" हेही त्याच दुरुस्तीने बंद केलं. बहिणीचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि ती स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणार असेल तर तो परदेशी निधी धरत नाहीत. नागरिकत्व बदललं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते) असलं तरी, तो परदेशीच. तुमच्या सीएला विचारूनच पुढचं पाऊल टाका. तोवर दर रविवारच्या दानातून थोडं बाजूला काढा. वरचा हिशेब वाचलात ना? मानधनाचं सोडलं तर त्यात डॉलर लागावेत असं काही नाही.

*आमचे पाळक, म्हणजे माझे मिस्टर, सहा महिन्यांपासून रात्री दोनला उठून ओसरीवर बसतात. जेवण निम्म्यावर आलंय. रविवारी उपदेशाला पुलपिटावर मात्र हसतात. कोणाला सांगितलं तर बदली होईल, मंडळी नावं ठेवील. मी काय करू? — नाव छापू नये*

बाई, नाव छापत नाही, तालुकाही नाही. आज रात्री ते उठले की तुम्हीही उठा, शेजारी बसा आणि वर पाळकसाहेबांना सांगितलेला तोच प्रश्न विचारा, मरणाचा. भीती वाटेल, तरी विचारा. उत्तर "हो" आलं तर ओपीडीच्या वाराची वाट बघायची नाही, १४४१६ लावायचा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. "नाही" आलं तर याच आठवड्यात तालुक्याबाहेरच्या डॉक्टरकडे जा, जिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. थायरॉइड आणि साखर तपासायला सांगा, झोप आणि भूक किती दिवसांपासून गेली ते कागदावर लिहून न्या, कारण डॉक्टरासमोर ते "काही नाही हो, थकवा आहे" म्हणतील. वेळ नाही असंही म्हणतील. लग्नं, मयती, घरभेटी यातून त्यांना सोमवारच मोकळा मिळत असेल. तर सोमवारची सकाळची पहिली एसटी धरा, आणि डबा दोघांचा घ्या.