मुलीचं परदेशातलं वर्ष: पैसे कुठून काढायचे, त्यावर सगळं ठरतं

प्रश्न: आम्ही नाशिकला राहतो, दोघंही नोकरी करतो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ५५ हजार, घराचा हप्ता ३२ हजार. मुलगी दहावीत आहे. तिच्या शिक्षणासाठी म्युच्युअल फंडात २२ लाख जमलेत आणि दरमहा २० हजारांची एसआयपी चालू आहे. सगळा खर्च जाऊन महिना ३५ ते ४० हजार उरतात. मार्चमध्ये साडेतीन लाखांची एलआयसी पिकेल, आणीबाणीसाठी एफडी वेगळी आहे. एका एजंटनं अकरावी-बारावी कॅनडात करायला सुचवलंय. तिथल्या कुटुंबात राहायचं, वर्षाला १७ लाख. दुसरा पर्याय एका विद्यार्थी-विनिमय संस्थेचा: दहावीनंतर दहा महिने जर्मनीत, यजमान कुटुंबाकडे, ७ लाख. मुलगी आठवीपासून जर्मन शिकतेय, पुढे बायोटेक किंवा मेडिकल असं तिच्या मनात आहे. धाकटा मुलगा आठ वर्षांचा आहे. सासूबाई म्हणतात, पैसे देऊन परक्याच्या घरी मूल कशाला ठेवायचं?

नमस्कार ताई,

सासूबाईंच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या दोन पर्यायांतला खरा फरक त्यांनीच पकडलाय. कॅनडातलं कुटुंब दरमहा पैसे घेऊन मुलीला ठेवून घेणार आहे. त्यात वाईट काही नाही, पण तो व्यवहार आहे. रोटरी क्लब किंवा एएफएससारख्या संस्थांच्या विद्यार्थी-विनिमयात मात्र यजमान कुटुंबाला साधारणपणे मोबदला नसतो, हौसेनं मूल घरी घेतात. तुमचे ७ लाख तिकीट, विमा, निवड, प्रशिक्षण आणि देखरेखीचे आहेत. त्यामुळे सासूबाईंना सांगता येईल की जर्मनीत आपण राहण्याचं भाडं भरत नाही आहोत.

आता कॅनडाचा कागद. तुम्ही पाठवलेल्या दरपत्रकात ट्यूशन फी १५,५०० कॅनेडियन डॉलर आणि होमस्टे महिना १,१५० प्रमाणे दहा महिने, एवढंच धरलंय. डॉलर ६४ रुपये धरला तर ते सव्वासतरा लाख होतात. खाली बारीक अक्षरात ‘कस्टोडियनशिप, वैद्यकीय विमा, विमानतळ सेवा स्वतंत्र’ असं आहे. तिथे एकट्यानं शिकायला आलेल्या अल्पवयीन मुलाला कस्टोडियन, म्हणजे जबाबदारी घेणारी स्थानिक प्रौढ व्यक्ती, लागते. ती सेवा विकत घ्यायची तर पैसे पडतात. ते, विमा, व्हिसा, जाण्यायेण्याचं तिकीट, थंडीचे कपडे आणि महिना ३०० डॉलर हातखर्च धरला की वर्ष २२ लाखांच्या घरात जातं. दोन वर्षांचे ४४.

पुढच्या ऑगस्टपर्यंत तुमच्या २२ लाखांचे एसआयपीसकट फार तर २७ होतील. म्हणजे अकरावी झाली की हातात पाच राहतील, बारावीला सतरा कमी पडतील आणि पदवीसाठी काहीच उरणार नाही. बरं, कॅनडात बारावी केली म्हणून विद्यापीठाची फी कमी होत नाही. जोपर्यंत ती तिथली कायमची रहिवासी नाही तोपर्यंत तिला आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याचीच फी पडते. शिक्षणानंतरच्या वर्क परमिटलाही शाळेची वर्षं मोजली जात नाहीत. एजंटनं ‘पुढचा रस्ता मोकळा’ असं म्हटलंय, तो या दोन गोष्टींमुळे मला तरी मोकळा दिसत नाही. शिवाय मेडिकल मनात असेल तर हेही बघा: महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी, थोडे अपवाद वगळता, दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातून झालेली लागते. बारावी बाहेर केली की तो दरवाजा सोळाव्या वर्षीच बंद होईल.

तुमचे पती घराच्या कर्जावर आणखी कर्ज (टॉप-अप) घ्यायचं म्हणतात. तसं करू नका. बँकांची नेहमीची शैक्षणिक कर्जं बारावीनंतरच्या शिक्षणासाठी असतात आणि व्याजावरची आयकरातली वजावटही बारावीनंतरच्याच अभ्यासक्रमांना आहे. शाळेच्या वर्षासाठी काढलेलं कर्ज करसवलतीविना फेडावं लागेल, आणि ते फिटायच्या आत पदवीचं कर्ज उभं राहील. धाकट्याचं शिक्षण मग कुठून करणार?

जर्मनीच्या वर्षाला माझा होकार आहे, पण एका अटीवर: त्या २२ लाखांना हात लावायचा नाही. हे वर्ष पदवीची पायरी नाही. त्यानं अकरावीचं वर्ष वाचत नाही, उलट बारावी एक वर्ष पुढे जाते. ती पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या सुमाराला निघून जून-जुलैत परतेल आणि अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाला बसेल. तेव्हा गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल आणि मैत्रिणी बारावीत असतील. हे मुलीशी आत्ताच स्पष्ट बोला.

तरीही हो का म्हणते? तिची भाषा पक्की होईल म्हणून. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत पदवीला ट्यूशन फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, बाकी असे अपवाद थोडे आहेत. पण पदवीचे बरेच अभ्यासक्रम जर्मनमधून चालतात आणि तिथेच आपली मुलं अडतात. दहा महिने एका घरात, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर, त्यांच्या शाळेत काढलेली मुलगी तशी अडणार नाही. आपली बारावी सहसा थेट प्रवेशाला पुरत नाही, मध्ये श्टुडियनकोलेगचं तयारीचं वर्ष येतं, आणि तेही बहुतेक ठिकाणी जर्मनमधूनच असतं. व्हिसासाठी ब्लॉक खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) सध्या वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात. युरो १०५ रुपये धरला तर साडेबारा लाख, तीन वर्षांचे साडेसदतीस. तुमची एसआयपी न थांबता चालली आणि ८ टक्के परतावा धरला तर चार वर्षांनी ४१ लाखांच्या आसपास जमतात. तयारीचं वर्ष आणि महागाई धरून ते कमी पडतील, पण तेवढ्यासाठी कर्ज काढता येतं. ही रक्कम मोडली तर मात्र भाषा येऊनही मुलगी इथेच राहील. जिथून पैसे काढाल तिथेच निकाल लागणार आहे, म्हणून मी एवढी आग्रही आहे.

मग ७ लाख कुठून? हातखर्चाचे महिना १२० युरो धरून सव्वाआठ होतात. घरखर्च, हप्ता आणि एसआयपी जाऊन तुमच्याकडे महिना ३५ ते ४० हजार शिल्लक राहतात असं तुम्हीच लिहिलंय. निघायला १४ महिने आहेत. ३५ हजारांची आवर्ती ठेव आजच सुरू केली तर पाच लाख होतात. मार्चमध्ये पिकणारी साडेतीन लाखांची एलआयसी त्यात घाला. आणीबाणीची एफडी तशीच राहू दे.

सही करायच्या आधी संस्थेला तीन गोष्टी लेखी विचारा: मूल मध्येच परत आलं तर फीचं काय, कुटुंबाशी जमलं नाही तर दुसरं कुटुंब कोण आणि किती दिवसांत शोधतं, आणि विम्यात दात व चष्मा आहे का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘परत मिळणार नाही’ असंच येईल, तेव्हा ते पैसे गेले असं धरूनच भरा. रोटरीतून जाणार असाल तर बदल्यात तुमच्या घरी परदेशी मूल ठेवायची अपेक्षा असू शकते. धाकट्याला ते फार आवडेल असं मला वाटतं, पण खोली आणि खर्च आधी बघा. अमेरिका चालणार असेल तर तिथल्या सरकारची ‘यस’ ही पूर्ण खर्चाची शिष्यवृत्ती शाळकरी मुलांसाठी आहे. यंदा अर्ज निघालेत का ते एएफएस इंडियाकडे विचारून घ्या.

पैसे पाठवताना तुमच्या किंवा पतींच्या पॅनवरून पाठवा. वर्षाला माणशी १० लाखांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर) लागत नाही, त्यामुळे जर्मनीच्या रकमेला तो प्रश्नच नाही. फंडातले २२ लाख मात्र पदवी जवळ येईल तसे हळूहळू इक्विटीतून (शेअरच्या फंडांतून) काढून डेटमध्ये (रोख्यांच्या फंडांत) न्या. युनिट्स दोघांच्या नावावर वेगवेगळी असतील तर दरवर्षी प्रत्येकाचा सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त निघतो.

कॅनडाच्या जागेसाठी एजंट शुक्रवारपर्यंत ५०० डॉलर मागतोय, ते भरू नका. विनिमयाचे अर्ज सहसा वर्षभर आधी सुरू होतात, तेव्हा या आठवड्यात फोन तिकडे करा.