पियानो शिकताना आधी सगळ्या कॉर्ड्स पाठ कराव्यात की प्रोग्रेशनपासून सुरुवात करावी?

तुम्ही लिहिलंय की मेजर-मायनर मिळून २४ कॉर्ड्सचा (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे तीन स्वर) तक्ता भिंतीवर लावलाय, रोज दोन पाठ करताय आणि सगळा तक्ता झाला की मगच प्रोग्रेशनकडे, म्हणजे एका कॉर्डवरून दुसरीवर जाण्याकडे, वळणार. तो तक्ता आजच काढा. मी हेच केलं होतं, चौदा महिने, म्हणून लिहायला बसलेय.

मला शिकवणारे सर म्हणायचे, पहिलं वर्ष फक्त रूट पोझिशन. सी म्हटलं की सी-ई-जी, एफ म्हटलं की एफ-ए-सी, ज्याच्या नावाची कॉर्ड तोच स्वर कायम खाली. इन्व्हर्जनचं, म्हणजे त्याच कॉर्डमधला दुसरा स्वर खाली घेण्याचं, विचारलं की उत्तर ठरलेलं, "ते पुढचं आहे, आत्ता गोंधळ होईल." मी मान डोलावली आणि पाठ करत सुटले. झोपेतून उठवून एफ शार्प मायनर विचारलं असतं तरी बोटं बरोब्बर जाऊन बसली असती.

मग धाकट्या बहिणीने एक गाणं बसवलं, घरच्याच दहा-बारा माणसांसमोर म्हणायचं होतं, साथ मी करायची. सगळ्या गाण्यात कॉर्ड्स चारच, सी, जी, ए मायनर, एफ. मला चारही पाठ, त्यामुळे प्रॅक्टिस दोनदाच केली. आणि प्रत्यक्षात काय झालं, तर ती समेवर येते आणि माझा हात हवेत. सी वरून जी ला जायचं म्हणजे अख्खा पंजा उचलून चार पांढऱ्या कीज पलीकडे टाकायचा, खाली बघायचं, जागा शोधायची, मग दाबायचं, तोपर्यंत अर्धी मात्रा गेलेली असते. बिचारी प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचा शब्द ओढून धरत होती, मी पोचेपर्यंत. ऐकणाऱ्यांना कदाचित कळलंही नसेल. दुसरा अंतरा संपल्यावर ती माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, मी थांबू का तुझ्यासाठी?" रागाने नाही, काळजीने विचारलं तिने. ते मला अजून लागतं.

सगळे उठल्यावर एक काका माझ्या शेजारी येऊन बसले, त्यांनी बरीच वर्षं कॉयरला साथ केलेली. म्हणाले, "सी धर." धरला. "आता अंगठा उचलायचा नाही आणि एफ वाजवायचा." मी म्हटलं, काका, एफ इथे नाहीये, तिकडे आहे. त्यांनी माझा हात बाजूला करून स्वतःचा ठेवला. अंगठा सी वर, मधलं बोट ई वर, करंगळी जी वर. मग मधलं बोट ई वरून शेजारच्या एफ वर सरकलं, करंगळी जी वरून ए वर, आणि अंगठा होता तिथेच. सी-एफ-ए. एफ कॉर्डचेच तीन स्वर, फक्त सी खाली. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिले, तो हललाच नव्हता.

मग त्यांनी माझ्याच गाण्याच्या चारही कॉर्ड्स तशा वाजवल्या. सी-ई-जी वरून बी-डी-जी, करंगळी जागेवर, बाकीची दोन एकेक पायरी खाली. तिथून सी-ई-ए, तिन्ही बोटं एकेक पायरी वर. तिथून सी-एफ-ए, नुसतं मधलं बोट हललं. आणि परत सी-ई-जी. सगळं गाणं खालच्या बी पासून वरच्या ए पर्यंत, सात पांढऱ्या कीजमध्ये, एका वितीत. आणि मी चौदा महिने उड्या मारत होते.

प्रोग्रेशन म्हणजे हेच. कॉर्ड्सची यादी नव्हे, एका कॉर्डमधून दुसरीत जाताना कोणता स्वर थांबतो आणि कोणता सरकतो ते. जी वरून सी ला आलं की घरी आल्यासारखं का वाटतं? कारण जी मधला बी हा सी च्या अगदी खेटून, अर्ध्या स्वरावर, त्याला वर जायचंच असतं. जी सेव्हन केलंत, म्हणजे जी कॉर्डला चौथा स्वर जोडलात, तर त्यात एफ येतो, तो ई कडे उतरतो, म्हणून ओढ आणखी वाढते. हे बोटांखाली जाणवतं, पण बोटं शेजारी-शेजारी सरकली तरच. उडी मारली की बी कुठे गेला ते कानालाही कळत नाही.

मी नंतर सरांना हे दाखवलं. ते म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतं तर गोंधळ झाला असता." कसला गोंधळ? सी-ई-जी आणि ई-जी-सी या मुळात एकच कॉर्ड आहेत हे रामो या फ्रेंच संगीतकाराने १७२२ मध्ये लिहून ठेवलंय. तीनशे वर्षांपूर्वी मिटलेली गोष्ट नवशिक्यापासून वर्षभर लपवायची आणि त्याला शिस्त म्हणायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. गोंधळ झाला तो न सांगितल्यामुळे झाला.

तर तुम्ही काय करा. सी, एफ, जी, ए मायनर, या चारच घ्या, वरच्यासारख्या एका वितीत. उजव्या हाताची बोटं १-३-५ (अंगठा १, करंगळी ५) चालतील, फक्त बी-डी-जी आणि सी-ई-ए ला १-२-५ सोपं जातं. डाव्या हाताने कॉर्डच्या नावाचा एकच स्वर. डाव्या हातात खाली पूर्ण कॉर्ड घेऊ नका, खालच्या सप्तकात जवळजवळचे स्वर एकत्र दाबले की नुसता घोगरा गलबला होतो. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर, प्रत्येक कॉर्डला चार मात्रा. आणि त्यांना नावांऐवजी आकड्यांनी ओळखा, सी पासून मोजून एक, चार, पाच, सहा. उद्या कोणी गाणारा म्हणाला पट्टी बदल, तर जी मध्ये तेच आकडे जी, सी, डी, ई मायनर होतात. कॉर्डच्या नावाच्या स्वरापासून काळ्या-पांढऱ्या धरून मेजरला चार-तीन आणि मायनरला तीन-चार कीज मोजायच्या हे तुम्हाला माहीतच असेल, मग उरलेल्या वीस कॉर्ड्स पाठ कशाला करायच्या, लागेल तेव्हा मोजून बनवता येतात. त्या लागणारं गाणं आलं की त्या आपोआप बसतात.

एक सांगायचं राहिलं. रूट पोझिशन अगदी टाकाऊ आहे असं नाही, मेजर-मायनरचा रंग कानात बसायला पहिले आठ-दहा दिवस तीच बरी. आणि सरांनी माझ्याकडून मोजून वाजवून घेतलं नसतं तर मी उशिरा पोचतेय हेही मला कळलं नसतं, ते श्रेय त्यांचंच. डाव्या हाताला उड्या माराव्याच लागतात, त्या न बघता मारायची सवय वेगळी करा. स्वर लांबवणाऱ्या पेडलला मात्र पहिले दोन महिने पाय लावू नका, आधीची कॉर्ड रेंगाळत राहते आणि हात उशिरा पोचला ते तुम्हाला ऐकूच येत नाही. तुमच्याबरोबर गाणाऱ्याला मात्र येतं.