कळा थांबल्या, तरी धास्ती वाटते

प्रश्न : मला ३१वा आठवडा सुरू आहे. परवा कळा आल्या. सोनोग्राफीत गर्भाशयमुखाची लांबी ३२ मिलिमीटर भरल्याने डॉक्टरांनी घरी पाठवले. हे योग्य झाले का?

उत्तर : होय. मुदतपूर्व कळा आलेल्या बहुसंख्य स्त्रियांची प्रसूती पुढील ७ दिवसांत होत नाही, आणि योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत ही लांबी ३० मिलिमीटरपेक्षा अधिक असल्यास ती शक्यता फारच कमी उरते. लांबी १५ मिलिमीटरहून कमी असती, तर आपणांस दाखल करून बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शने दिली असती. प्रसूतीपूर्वीच्या आठवड्यात दिल्यास ती सर्वाधिक उपयोगी पडतात, म्हणूनच हा अंदाज इतका मोलाचा. मात्र पाणी गेले, रक्तस्राव झाला किंवा कळा पुन्हा सुरू झाल्या, तर मध्यरात्र असली तरी कृपया सकाळची वाट पाहू नका.