मला कधी कुणी विचारलंच नाही, मग एक्झिट पोलवर विश्वास का ठेवायचा?

हा प्रश्न वाचला की माझं डोकं फिरतं. महाराष्ट्रात नऊ कोटींवर मतदार आहेत. ५०,००० जणांना विचारलं तरी तुमचा नंबर लागण्याची शक्यता जवळपास दोन हजारांत एक. तुम्हाला विचारलं नाही हा दोष नव्हेच. दोष शोधायचा तर दुसरीकडे शोधा.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात एकाच पातेल्यातला हवा. नीट निवडलेले १,००० लोक अख्ख्या राज्याची मतं ±३ टक्क्यांत सांगतात. लोकसभेच्या ४८ जागा सांगायच्या तर पातेली ४८, म्हणजे ४८,००० माणसं. शिवाय एका बूथवरचे पंचवीस जण बहुधा एकाच आळीतले, एकाच सुरात बोलणारे. त्यामुळे हजार जणांचा नमुना कधीकधी पाचशेंच्याच तोलाचा ठरतो, आणि त्रुटी ±४.४ वर जाते. दोन पक्षांमधल्या फरकाला तर ही त्रुटी जवळजवळ दुप्पट लागते, हे टीव्हीवर कुणी सांगत नाही.

बूथबाहेर खरं काम असं: बाहेर पडणारा दर दहावा मतदार थांबवायचा, चिन्हं छापलेली नकली मतपत्रिका द्यायची, ती घडी घालून पेटीत टाकायला लावायची. तोंडी विचारलं की माणूस समोरच्याला बरं वाटेल ते बोलतो. नकार देणाऱ्याचीही नोंद ठेवायची. पण उन्हात उभा पोरगा दहावा मोजत बसत नाही, बोलका दिसेल त्याला गाठतो. बाईला विचारलं तर उत्तर नवरा देतो. मग ऑफिसात वय, लिंग, शहर-गाव, जात यांचं वजन लावून, म्हणजे जो गट नमुन्यात कमी आला त्याची उत्तरं जास्त मोजून, दुरुस्ती होते. जातीचं वजन कुठून आणता? सगळ्या जातींचे आकडे शेवटचे छापले गेले ते १९३१ च्या जनगणनेत!

यापुढे मतांवरून जागा काढणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. २०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्रातल्या दोन आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता, जागा मात्र ३० आणि १७. मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला. हे कुठला सर्व्हे पकडणार? टीव्हीवाल्यांशी माझं जुनं भांडण हेच आहे. मतांची टक्केवारी दाखवा, जागा दाखवू नका. त्यांना जागाच हव्या असतात.

आणि १ जून २०२४ ला बहुतेकांनी देशभरात एनडीएला ३५० जागांच्या पुढे नेलं, मिळाल्या २९३. सगळे एकाच बाजूला चुकतात तेव्हा ±३ चं कारण चालत नाही. तिथे नमुनाच कलंडलेला असतो, किंवा शेजाऱ्याचा आकडा बघून आपला सावरलेला असतो.

हो, त्याच वर्षी नोव्हेंबरात महाराष्ट्राच्या विधानसभेला बहुतेकांनी महायुतीच पुढे सांगितली होती आणि ती आलीही. फक्त २३० पर्यंत जाईल असं फारसं कुणी म्हटलं नव्हतं. आणि हे सगळं एक्झिट पोलचं. मतदानाच्या महिनाभर आधीच्या ओपिनियन पोलमध्ये 'अजून ठरवलं नाही' म्हणणारे किती होते आणि त्यांचं काय केलं, ते आधी बघा.