न खेळलेल्या खेळाडूचे शून्य कोठे धरावे?

प्रश्न : आम्ही पाच मित्र अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलवर आधारलेली फँटसी लीग (खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ करून त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण मोजण्याचा खेळ) आपसात, पैसे न लावता खेळतो आणि गुणांचा हिशेब वहीत ठेवतो. गेल्या आठवड्यात माझ्या संघातील दोन फलंदाज एकाही सामन्यात उतरले नाहीत. संघाची सरासरी काढताना त्या दोघांची सरासरी शून्य धरावी, असे एका मित्राचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. योग्य पद्धत कोणती?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : सरासरीपुरते आपले म्हणणे बरोबर आहे. होम रन (चेंडू लांब टोलवून सगळे बेस, म्हणजे धावण्याचे टप्पे, एका दमात पुरे करणे), धावा, चोरलेले बेस (टोल्याची वाट न पाहता धावून गाठलेला पुढचा टप्पा) अशा ज्या बाबींची नुसती बेरीज होते, त्यांत न खेळलेल्या खेळाडूचे शून्यच धरले जाते आणि ते संघाला भोवते, कारण त्याच दिवशी प्रतिस्पर्ध्याच्या बेरजेत भर पडत असते. सरासरी हा मात्र भागाकार आहे : संघाचे एकूण हिट (चेंडू टोलवून बेस गाठल्याच्या वेळा) भागिले फलंदाजांच्या एकूण अधिकृत संधी, ज्यांना बेसबॉलमध्ये ‘अ‍ॅट बॅट’ म्हणतात. जो मैदानात उतरलाच नाही, त्याच्यामुळे या भागाकारातील वरची संख्याही बदलत नाही आणि खालचीही नाही. समजा, आपल्या इतर फलंदाजांनी १०० संधींत ३० हिट मिळवले, सरासरी ०.३०० झाली. गैरहजर दोघांच्या नावावर कल्पनेने आठ संधी मांडल्या, तर ती ०.२७८ वर घसरेल, पण त्या आठ संधी घडलेल्याच नाहीत. जामठ्याच्या मैदानावर क्रिकेटमध्ये विदर्भाच्या सातव्या क्रमांकाच्या फलंदाजाची पाळीच आली नाही, तर धावफलकावर त्याच्या नावापुढे शून्य लिहीत नाहीत. हेही तसेच आहे.

तरीही आपल्या मित्राचा विचार बेसबॉलला अगदीच परका नाही. सर्वाधिक सरासरीचा किताब मिळवण्यासाठी १६२ सामन्यांच्या हंगामात किमान ५०२ वेळा फलंदाजीला यावे लागते. १९९६ मध्ये सॅन डिएगो संघाचा फलंदाज टोनी ग्विन ४९८ वरच थांबला होता. नियमाप्रमाणे कमी पडलेल्या चार संधी अपयशी मानून त्याच्या हिशेबात मिळवल्या, तेव्हा ०.३५३ ची सरासरी ०.३४९ झाली, तीही नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकात) सर्वांत वरचीच राहिल्याने किताब त्यालाच मिळाला. मात्र हा हिशेब पात्रता पाहण्यापुरता होता. नोंदीत त्याची सरासरी ०.३५३ हीच राहिली.

मित्राची खरी शंका बहुधा अशी असावी की, सरासरी चांगली असताना एखादा गडी आपले फलंदाज मुद्दाम बसवून ठेवील. ही शंका रास्त आहे. पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) बाबतीत अनेक लीग आठवड्याला किमान इनिंगची (डावांची) अट घालतात आणि ती पूर्ण न करणाऱ्या संघाला भागाकाराने निघणाऱ्या बाबींचे श्रेय देत नाहीत. आपणही फलंदाजांसाठी किमान अ‍ॅट बॅटची अट ठेवावी. कोणाच्या नावावर खोटे शून्य लिहिण्यापेक्षा ते कितीतरी न्याय्य ठरेल.

नागपुरात बसून हा खेळ खेळणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला संध्याकाळी ७ वाजता सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो, आणि कोण खेळणार याची यादी साधारणपणे सामन्याच्या काही तास आधी, म्हणजे आपण झोपेत असताना, जाहीर होते. विश्रांती दिलेला किंवा पावसाने सामना पुढे गेलेला खेळाडू त्यामुळे सहज आपल्या संघात राहून जातो. अशा वेळी राखीव खेळाडू आपोआप आत यावा, असा नियम वहीवरच्या लीगला सहज करता येईल, फक्त राखीवांचा क्रम आदल्या रात्रीच लिहून ठेवलेला असावा.

फलंदाजी आणि पिचिंग दोन्ही करणाऱ्या शोहेई ओतानीसंबंधी मात्र हंगामाआधीच ठरवून घ्या. काही ठिकाणी त्याला फलंदाज आणि पिचर असे दोन वेगळे खेळाडू मानतात. कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे २०२४ मध्ये त्याने एकदाही पिचिंग केले नाही, पण फलंदाज म्हणून ५४ होम रन मारले आणि ५९ बेस चोरले. ज्याने त्याला फक्त पिचर म्हणून घेतले असेल, त्याच्या खात्यात त्या हंगामात काहीच जमा झाले नसणार, आणि तो हिशेबही योग्यच म्हणावा लागेल.